तलावाचं शूटिंग

तलाव दिसेल म्हणून तिनं बटण दाबलं आणि पडद्यावर एक हनुवटी आली. खालून दिसणारी, दुहेरी, गळ्याशी नारिंगी जॅकेटचा पट्टा घट्ट बसलेली. हनुवटीच्या वर दोन नाकपुड्या, त्यांच्यावर कपाळाला चिकटलेले ओले केस. ही कोण बया, असं मनात येईपर्यंत ती बया गुडघ्यांवरून उठली, आधी उजवं पाऊल, मग डावं, आणि वल्ह्यावर भार देत सरळ उभी राहिली. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की कॅमेरा उलटा लागला होता. पॅडलबोर्डच्या, म्हणजे उभ्यानं वल्हवायच्या त्या फळीच्या, टोकावर चिकटवलेला तो काडेपेटीएवढा कॅमेरा सबंध वेळ तलावाकडे पाठ करून तिच्याच तोंडाकडे बघत बसला होता. चूक कशी झाली तेही तिला लगेच कळलं, कारण असल्या चुका तिच्याच हातून व्हायच्या. चष्मा पाण्यात पडेल म्हणून ती तो काठावर बुटात ठेवून जायची, आणि चष्म्याशिवाय कॅमेऱ्याची पुढची बाजू काय नि मागची काय, दोन्हीकडे काच, दोन्हीकडे काहीतरी लुकलुकतंय. लाल ठिपका दिसत राहावा, म्हणजे चालू आहे एवढं तरी कळेल, म्हणून तिनं ठिपक्याची बाजू आपल्याकडे केली होती, आणि भिंगही नेमकं त्याच बाजूला होतं. झालं ते झालं, शूटिंग वाया गेलं, असं म्हणून ती ते बंदच करणार होती. पण पडद्यावरच्या बाईचं तोंड हलत होतं. दम लागल्यावर हलतं तसं नाही, गाणं गुणगुणताना हलतं तसंही नाही. ती बाई बोलत होती. समोर चिटपाखरू नव्हतं, मागं नुसतं पाणी आणि दूरवर जुना पंपाचा मनोरा, आणि ती मान हलवून, मधेच वल्हं थांबवून, कुणाला तरी नीट समजावून सांगावं तशी बोलत होती.

लॅपटॉपचा आवाज बंद होता. ऑफिसच्या कामाचा लॅपटॉप, त्याचा आवाज ती कधी मोकळा सोडतच नसे. तिनं तो मोकळा केला नाही, नुसतीच बघत राहिली. पाण्यावर आपण बोलतो हे तिला माहीत नव्हतं. शपथेवर सांगितलं असतं तिनं, की रविवारचा तो तासभर आपण तोंडातून अक्षर काढत नाही, म्हणून तर तो तास आपल्याला बरा वाटतो. घरात, नात्यात, ऑफिसात तिची ओळखच कमी बोलणारी अशी होती. भले लोक ‘शांत आहे हो स्वभावानं’ म्हणायचे, नणंद ‘घुमी’ म्हणायची, आणि तिला दोन्हींचं काही वाटत नसे. लग्न झालं तेव्हा ती अशी नव्हती. तेव्हा ती वाक्यं सुरू करायची, फक्त ती पुरी नवरा करायचा. नवरा सरकारी दवाखान्यात फार्मसिस्ट होता. अख्खी नोकरी त्यानं औषधांच्या खिडकीत उभं राहून डॉक्टरांचं अक्षर लावण्यात घालवली. चिठ्ठीवर पहिली दोन अक्षरं दिसली की पुढची वेटोळी न वाचता त्याचा हात बरोबर फळीवरच्या डब्याकडे जायचा, आणि त्याचा अंदाज चुकला असं कुणी कधी ऐकलं नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, त्यानं त्याच्यावर पेन्शन मिळवली. तीच हातोटी त्यानं घरात आणली. ती म्हणायची, ‘मला वाटतं आज...’ आणि तो म्हणायचा, ‘डोकं दुखतंय? गोळी देतो.’ डोकं दुखत नसायचं. पण गोळी पाण्याच्या पेल्यासकट समोर यायची, इतक्या मायेनं यायची, की ‘तसं नव्हतं म्हणायचं मला’ हे म्हणणं कृतघ्नपणाचं वाटायचं. ती गोळी घ्यायची. पुढं पुढं तिला वाक्य सुरू करायचाही कंटाळा यायला लागला. कुणीतरी पुरं करणारच आहे तर सुरुवात तरी आपण कशाला करा.

गंमत अशी की तिची स्वतःची भाकरी बरोबर याच्या उलट गोष्टीवर चालली होती. लोकांच्या तक्रारींच्या सुनावण्या जिथं होतात त्या कचेरीतून ध्वनिफिती यायच्या, कानाला हेडफोन, पायाखाली पेडल, आणि जे जसं बोललं गेलं ते तसं तिनं टाइप करायचं. पाय दाबला की आवाज चालतो, उचलला की थांबतो, टाचेनं मागं ओढला की दोन शब्द मागं जातो. नियम एकच, आणि तो पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी दरडावून सांगितलेला: ऐकू आलं नाही तर पुन्हा ऐका, तरी नाही आलं तर ‘अस्पष्ट’ लिहा, पण पदरचं घालू नका. माणूस रडत बोलतो, जेवलेल्या तोंडानं बोलतो, खोकल्यातून बोलतो, वकील त्याच्या अंगावर बोलतो. तिनं कधी पदरचं घातलं नाही. त्या नियमात तिला एक थकलेला आराम मिळायचा. दिवसभर तिनं कुणाचं तरी अर्धं वाक्य अर्धंच ठेवलेलं असायचं. संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढता काढता ती म्हणायची, ‘आज इतकं...’ आणि आतून आवाज यायचा, ‘ऊन होतं ना! तरी म्हटलं छत्री ने.’

पडद्यावरची बाई आता वळत होती. तिच्यामागं किनारा सरकत गेला, झाडांची रांग, मग भाड्यानं बोर्ड देणाऱ्या बाईंची हिरवी टपरी. या बाई पूर्वी शाळेत पोहणं शिकवायच्या आणि शिट्टी अजून गळ्यातून उतरली नव्हती, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. ऑफिसच्या सहलीत सगळ्यांनी हौस म्हणून एकेकदा बोर्डवर उभं राहून पाहिलं, पडले, हसले, फोटो काढले, आणि ही एकटी पडली नाही. ‘पायाकडे बघू नका, पायाकडे बघणारा पडतो,’ असं शिट्टीबाईंनी सांगितलं होतं आणि ती नव्हती बघत, एवढंच. समोरच्या काठाकडे बघत ती उभी राहिली, आणि तळपायांखाली पाणी आहे, ते हलतं आहे, आणि आपले घोटे त्याला आपणहून उत्तर देताहेत, हे तिला जाणवलं. कुणी न विचारता, मधे कुणी न पडता. पुढच्या रविवारी ती एकटी गेली. नवरा म्हणाला, ‘पाठीसाठी चांगलंय, दिवसभर बसून बसून...’ आणि तिनं मान डोलावली, कारण पाठीसाठीही ते चांगलंच होतं. गुडघे थरथरायचे, परत आल्यावर दोन दिवस मांड्या बोलायच्या, तरी ती जात राहिली. तिथं गेल्यावर थकवा जायचा असंही नाही. थकवा तसाच असायचा, फक्त पाण्यावर तो एकटीचा असायचा.

कॅमेऱ्याची कल्पना निघाली ती मुलाच्या डोक्यातून. मुलगा दूरच्या शहरात, सून तिथलीच, नात आता चालायला लागलेली. आईबाबांनी हे घर विकावं आणि कायमचं तिकडं यावं हे बोलणं वर्षभर चाललं होतं, आणि ते ठरलं त्या संध्याकाळी फोन टेबलावर मधोमध ठेवलेला होता, म्हणजे दोघांनाही ऐकू जावं. मुलानं विचारलं होतं, नाही असं नाही. ‘आई, तुला काय वाटतं? तू सांग ना.’ ती म्हणाली, ‘मला...’ आणि पुढं काय येणार आहे ते तिलाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती क्षणभर थांबली. तेवढा क्षण नवऱ्याला भरपूर होता. ‘तिला काय वाटणार? नातीजवळ राहायला कुणाला नको असतं? आणि तिचं काय, ती कुठंही रमते.’ मुलगा हसला, सून मागून ‘ये आई, ये!’ म्हणाली, आणि तिला त्या वेळी, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं झालं होतं. वाक्य पुरं झालं होतं. आपल्याला शोधावं लागलं नाही. मग मुलगा म्हणाला, ‘तुझा तलाव सुटणार म्हणून वाईट वाटत असेल, तर मी एक ॲक्शन कॅमेरा पाठवतो. पाण्यातही चालतो. निघायच्या आधी दोनतीन वेळा मस्त शूटिंग करून ठेव, इथं मोठ्या टीव्हीवर बघता येईल कधीही.’ नवऱ्याला ही कल्पना इतकी आवडली की कॅमेरा यायच्या आधीच तो शेजाऱ्यांना सांगून आला.

आणि मग तिनं शूटिंग केलं नाही. एका रविवारी चार्जिंग करायचं राहिलं. एका रविवारी कॅमेरा घेतला पण चिकटवायचा तुकडा घरीच विसरला. एकदा वारा होता. एकदा शिट्टीबाईंनीच तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, ‘चुका कळायला चांगला असतो हा. गुडघे किती वाकतात, नजर कुठं जाते, सगळं दिसतं. पण मी एक बघितलंय, हा आला की माणूस काठाकडे बघायचं सोडून याच्याकडे बघतो. ती तरणी पोरं बघा ना, डोक्यावर बांधून जातात आणि पाण्यात कमी, डोक्यात जास्त असतात.’ एवढा आधार तिला पुरला आणि कॅमेरा पिशवीत परत गेला. घरी नवरा विचारायचा, ‘झालं का?’ आणि ती ‘नाही, आज...’ म्हणायची, आणि तो ‘ढग होते, बरोबर!’ म्हणायचा. आपण का टाळतोय हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. एवढंच कळायचं की शूटिंग झालं म्हणजे तलावाचं काम संपलं. डब्यात भरून झाला की मग जायला मोकळे. तिच्या मनात ते इतक्या स्पष्ट शब्दांत येत नसे, पिशवीतल्या त्या कॅमेऱ्याचं वजन खांद्याला जरा जास्त वाटायचं, इतकंच. या बुधवारी घर घेणारे गृहस्थ सह्या करायला येणार होते, आणि काल नवरा म्हणाला होता, ‘उद्या मात्र शूटिंग करूनच ये हं, नंतर सामान बांधायच्या गडबडीत राहून जाईल.’ म्हणून आज तिनं ते केलं होतं.

नवरा खाली एजंटाकडे गेला होता. सोसायटीच्या दारातच त्याची बैठक, म्हणजे तास तर गेलाच. तिनं उठून ऑफिसच्या पिशवीतून हेडफोन काढले, पेडल काढलं, टेबलाखाली सरकवून त्यावर पाय ठेवला. सवयच तशी, त्याशिवाय तिला ऐकता येत नसे. आधी वारा आला, भरभर, कापड फाडल्यासारखा. मग बोर्डखाली पाणी आपटल्याचे थपथप आवाज. मग त्याच्या मागून एक बाई. आवाज तिच्या समजुतीपेक्षा जाड होता आणि दमलेला होता, पण घाईचा नव्हता. ‘...साखर मी नव्हती सोडली,’ बाई म्हणत होती. ‘तुम्हीच सोडवलीत माझी. डॉक्टर तुम्हाला म्हणाले होते, मला नाही.’ तिला हसू फुटलं. पायानं आवाज थांबवला, मागं ओढला, पुन्हा ऐकला. खरंच की. इतकी वर्षं ती बिनसाखरेचा चहा पीत होती आणि तो तिला एकदाही आवडला नव्हता. बाई पुढं नणंदेवर गेली, नणंदेला तिनं मुलाच्या लग्नातल्या एका टोमण्याचं उत्तर दिलं, आणि उत्तर इतकं फक्कड होतं की ऐकताना हिचेच कान तापले. मग वाऱ्यात काही गेलं. मग नवऱ्याच्या बदल्यांवर आली. सरकारी नोकरी, दर काही वर्षांनी गाव नवं, दवाखाना नवा, स्वयंपाकघर नवं. ‘ती कुठंही रमते,’ बाई नवऱ्याच्या आवाजाची नक्कल करत म्हणाली, आणि नक्कल हुबेहूब होती. ‘रमत नव्हते हो. सामान लावत होते. सामान लावून होईस्तोवर तुमची पुढची ऑर्डर यायची, त्याला रमणं म्हणतात का?’

पंपाचा मनोरा बाईच्या उजव्या खांद्यामागून हळूहळू आत आला आणि डोक्याच्या बरोबर मागं उभा राहिला. बाईनं वल्हं आडवं धरलं आणि बोर्ड नुसता तरंगू दिला. वारा त्या बाजूला पडलेला असतो, हे तिला माहीत होतं. त्या शांततेत बाई समोर कॅमेऱ्याकडे नव्हे, त्याच्या वरून कुठंतरी बघत म्हणाली, ‘मला नाही जायचं.’ तिचा पाय आपोआप वर आला. आवाज थांबला. तिनं टाचेनं मागं ओढला. ‘मला नाही जायचं.’ अजून एकदा. ऐकू न येण्यासारखं त्यात काही नव्हतं, लहान पोराच्या पाठांतरासारखे शब्द सुटे सुटे होते, तरी ती ओढत राहिली, कारण ही बातमी तिला नवी होती. तिला वाटलं होतं आपण दमलोय. गेलं वर्षभर तिला वाटत होतं की वय झालं, झोप नीट होत नाही, म्हणून खोकी बघितली की छातीत काहीतरी बसतं. हे असं साधं वाक्य त्याच्या तळाशी बसलं असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

ती हेडफोन गळ्यात घेऊन बसून राहिली. कारण काय, असं तिनं स्वतःला विचारलं, नवऱ्याच्या आधी आपणच विचारलेलं बरं म्हणून. काम? काम तिकडूनही होईल, मुलानं सांगितलंच होतं. पाणी? तिकडं तर समुद्र होता. नात होती, आणि नातीवर तिचा जीव होता, यात तर शंकाच नाही. सून चांगली होती. एकही कारण टेबलावर ठेवण्यासारखं नव्हतं. या घराच्या भिंतींना ओल होती, लिफ्ट आठवड्यातून एकदा बंद पडायची, शेजारीण पिडणारी होती. फक्त इथं सामान लावून होऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यानंतर पहिल्यांदा तिला, सामान लावणं सोडून, आपण कोण ते बघायला जरा सवड मिळाली होती. पण ही काही सांगण्यासारखी गोष्ट आहे का. माणसं सह्यांची तारीख ठरवून बसली आहेत आणि ही म्हणणार, मला नाही जायचं, का ते विचारू नका. त्यापेक्षा हे शूटिंग पुसून टाकावं. कॅमेरा पुढच्या रविवारी सरळ लावावा, तलाव तलावाच्या जागी येईल, ही बाई पडद्याबाहेर जाईल. तेव्हाच तिच्या लक्षात आलं की तेही आता व्हायचं नाही. आता ती पाण्यावर गेली की स्वतःचा आवाज तिला ऐकू येणार. पहिला शब्द निघाला की जीभ चावणार. शिट्टीबाई म्हणाल्या होत्या तसं, काठाकडे बघायचं सुटणार. एकच जागा होती आणि ती आज आपल्याच हातानं गेली, असं वाटून तिचे डोळे भरून आले. तिला स्वतःचा रागही आला, पण राग करायलाही अंगात बळ लागतं.

कुलपात किल्ली फिरली. ‘बुधवारी सकाळी येताहेत, नक्की झालं!’ नवरा दारातूनच म्हणाला. बूट काढेपर्यंत त्याचं सगळं सांगून झालं: गृहस्थ सज्जन आहेत, पडद्यांचे रॉड ठेवून गेलात तरी चालेल म्हणाले, त्यांच्या बायकोला गॅलरी आवडली. मग त्याची नजर टेबलावर गेली आणि चेहरा उजळला. ‘झालं शूटिंग? बघू बघू.’

‘झालं. पण कॅमेरा...’

‘हलला! तरी मी म्हटलं होतं पोराला, त्याला घट्ट बसणारं काहीतरी पाठव.’

‘हलला नाही. उलटा...’

‘उलटा लागला? म्हणजे आभाळच आलं असणार सगळं!’ तो मनापासून हसला, मग तिच्या तोंडाकडे बघून लगेच मऊ झाला. ‘अगं, हरकत नाही. डोळ्यांत पाणी कशाला त्यासाठी? पुढच्या रविवारी मीच येतो तुझ्याबरोबर. नीट लावून देतो, काठावर बसून राहतो. दोघं जाऊ.’

मूग गिळून बसायची सवय अशी एका क्षणात सुटत नाही. ‘चहा ठेवते,’ म्हणून ती आत गेली, आणि आत जाताना लॅपटॉप बंद करायचा राहिला की तिनंच केला नाही, हे तिला ओट्यापाशी उभी राहिल्यावर सांगता आलं नसतं. पाणी उकळेपर्यंत ती भिंतीकडे बघत होती. बाहेर खुर्ची सरकली. मग बराच वेळ काही नाही. या घरात काही नाही असं कधी ऐकू येत नसे, म्हणून ती कपात चहा न ओतताच दारापर्यंत आली.

नवरा तिच्या खुर्चीवर बसला होता. डोक्यावर तिचे हेडफोन, जरा वाकडे. शूटिंग त्यानं पहिल्यापासून लावलं होतं. पडद्यावर ती स्वतः, लहानशी, नारिंगी, बोलतेय. तिला इथून काही ऐकू येत नव्हतं, फक्त दोघं दिसत होते, पाठमोरा तो आणि समोरून ती. ‘अगं पण...’ नवरा पडद्याला म्हणाला, मोठ्यानं, हेडफोन घातलेली माणसं बोलतात तसं. पडद्यावरची बाई थांबली नाही. ‘मी कधी...’ त्यानं हात वर केला, खिडकीत रांगेतल्या माणसाला थोपवायचा तसा. बाई बोलतच राहिली. अजून एकदा त्यानं मधे तोंड घालून पाहिलं, ‘त्या वेळी तुलाच...’ आणि त्याच्या शब्दांवरून ती सरळ पुढं गेली, कारण तिला तो ऐकूच येत नव्हता. हा माणूस मधे बोलतोय आणि आपण थांबत नाही आहोत, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्याचा हात वरच्या वर राहिला, मग खाली मांडीवर आला. झाडं सरकली, हिरवी टपरी सरकली. कुठं काय बोललंय ते आता तिला किनाऱ्यावरून कळत होतं: टपरी म्हणजे नणंद, पलीकडचा बांध म्हणजे बदल्या. मग मनोरा बाईच्या खांद्यामागून निघाला. पुढं होऊन लॅपटॉपचं झाकण खाली करावं, अजून वेळ आहे, असं तिच्या मनात आलं. तिचे पाय तिथंच राहिले. मनोरा डोक्यामागं आला, बाईनं वल्हं आडवं धरलं, ओठ हलले. नवऱ्याची पाठ हलली नाही.

शूटिंग संपलं. मग हेडफोन काढून, त्याची वायर नीट गुंडाळून त्यानं टेबलावर ठेवले. तिला मागं उभी बघून तो दचकला, आणि त्याच्या चेहऱ्यावर तिनं कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. चिठ्ठी हातात आहे आणि औषध कळत नाही, असं त्याचं कधी झालं असतं तर तो असा दिसला असता.

‘वारा फार होता,’ तो म्हणाला. ‘शेवटी काय म्हणालीस ते नीट ऐकू आलं नाही.’

खोटं होतं. इतकं उघड खोटं तो बोलत नसे. पण त्या खोट्यातून त्यानं दोघांनाही दार उघडं ठेवलं होतं, आणि तिला ते दिसलं. ‘काही नाही, असंच,’ एवढं म्हटलं की बुधवार बुधवारच्या जागी राहील, तो पुढच्या रविवारी काठावर बसेल, कॅमेरा सरळ लागेल. तेवढं म्हणायला काही कष्टही नव्हते. तिला त्याची दयाही आली. म्हातारा झाला होता तो, त्या वाकड्या हेडफोनांखाली केस किती विरळ दिसले होते, आणि नातीसाठी त्यानं आतापासून चार गोष्टी पाठ करून ठेवल्या होत्या.

‘मला...’ ती म्हणाली.

‘थोडा वेळ हवाय,’ तो घाईनं म्हणाला. ‘कळलं मला. सह्या पुढच्या महिन्यात ठेवू. मी सांगतो त्यांना, की बाईमाणसाचं सामान असतं, आवरायला...’

जित्याची खोड. तो बोलत राहिला आणि ती त्याचं संपायची वाट बघत उभी राहिली, मधे न पडता, जसं तिनं नेहमीच केलं होतं. फक्त तो संपल्यावर ती आत गेली नाही. आपलं वाक्य तिथंच आहे का ते तिनं पाहिलं. तिथंच होतं.

‘तसं नाही,’ ती म्हणाली. ‘मला नाही जायचं.’

त्यानं तोंड उघडलं. ती थांबली, त्याला पुरेसा वेळ दिला. आतून उकळून आटलेल्या चहाचा वास येत होता आणि कुणीच गॅस बंद करायला उठलं नाही. शेवटी तो अगदी हळू म्हणाला, ‘मी तर सगळ्यांना सांगून बसलो. पोराला काय सांगू आता? आणि का म्हणून विचारलं त्यानं, तर?’

‘का ते मलाही नीट ठाऊक नाही,’ ती म्हणाली. ‘तुम्ही नका सांगू. मी सांगते.’

काही जिंकल्यासारखं तिला मुळीच वाटत नव्हतं. पाठीला रग लागली होती, आणि मुलाचा आवाज ऐकल्यावर आपण ढेपाळू अशी भीती वाटत होती. नवऱ्यानं खिशातून आपला फोन काढला, मुलाचा नंबर लावला, आणि सवयीनं तो कानाशी नेला. मग थबकला, आणि हात लांब करून फोन तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला. पलीकडं घंटा वाजत होती. तो खुर्चीवरून उठला नाही, तिच्याकडे बघतही नव्हता, दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले होते.

‘हं, बाबा, बोला,’ मुलगा म्हणाला.

‘बाबा नाहीत,’ ती म्हणाली. ‘मी बोलतेय.’